गाडीचे पाणी मुरते कोठे?



शेतकी खात्याकडून या पानावर नेहमी लागणीची, खोडव्याची, पाचट कुजविण्याची आणि खतांच्या हप्त्यांची माहिती दिली जाते. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. पण तो आपल्या दारातलाच आहे. सातारा-सांगलीच्या कोणत्याही गावात जा, सभासदाच्या दारात एखादी जुनी चारचाकी उभी दिसते. कोणाची मारुती ८००, कोणाची ओम्नी, कोणाची सुमो, तर एखाद्या वाड्यात ताडपत्रीखाली जपलेली जीप किंवा ॲम्बॅसिडर. यातल्या बऱ्याच गाड्या आता नव्याने तयारही होत नाहीत. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. त्याच वर्षी मे महिन्यात ॲम्बॅसिडर बंद झाली आणि २०१९ मध्ये सुमो. म्हणजे आपल्याकडच्या या गाड्या आता वयात आलेल्या नव्हेत, उतारवयाला लागलेल्या आहेत. पंधरा वर्षे भरली की नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यायचे आणि पुढची पाच वर्षे ती चालवायची, असा हिशेब घरोघरी आहे.

उसाच्या नोंदी घ्यायला किंवा प्लॉट पाहायला आम्ही शिवारात जातो, तेव्हा उसाचे बोलणे संपले की हळूच दुसरा प्रश्न निघतो. "साहेब, गाडी पाणी लई खातीया. रोज सकाळी तांब्याभर घालावं लागतंय. काय करावं?" हा प्रश्न आम्हांला एवढ्या वेळा आणि एवढ्या गावांत विचारला गेला आहे, की त्याचे उत्तर एकदाच सविस्तर लिहून द्यावे असे ठरविले. आमची पदविका शेतीची आहे, मोटारीची नव्हे, हे खरे. पण खात्याच्या जुन्या जीपगाड्यांतून याच रस्त्यांवर आमची वर्षे गेली आहेत आणि चांगल्या मिस्त्र्यांच्या शेजारी उभे राहून पुष्कळ पाहायला मिळाले आहे. त्यातले जे उपयोगी आहे ते पुढे देत आहोत.

आधी रोग ओळखा

ऊस पिवळा पडला की काही शेतकरी लगेच युरियाचे पोते फोडतात. पण पिवळेपणा कशाने आला? रानात पाणी तुंबले असेल, चुनखडीच्या जमिनीत पिकाला लोह मिळत नसेल किंवा मुळाशी हुमणी लागली असेल. तीन कारणे आणि तीन वेगळे उपाय. युरिया यांपैकी एकालाही लागू नाही. गाडीचेही असेच आहे. इंजिन तापते, म्हणून पाणी घालायचे. पुन्हा तापले, पुन्हा घालायचे. याला आपल्याकडे "गाडीची काळजी घेणे" म्हणतात. खरे तर ही आजार म्हशीला आणि औषध पखालीला, यातली गत आहे.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. गाडीतले पाणी बैलाच्या वैरणीसारखे नाही, की रोज घातलेच पाहिजे. रेडिएटर, होज पाइप आणि इंजिन मिळून ते एक बंद चक्र आहे. त्यात भरलेले पाणी तेच ते फिरत राहते. निरोगी गाडीला महिनोन्‌महिने पाणी घालावे लागत नाही. ज्या गाडीला आठवड्याला लिटरभर लागते, तिचे पाणी कोठेतरी मुरते आहे. ते कोठे, एवढाच खरा प्रश्न.

पाण्याचे काम काय?

इंजिनात जळणाऱ्या डिझेल-पेट्रोलच्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश चाक फिरवायला कामी येते, एक तृतीयांश धुराड्यातून जाते आणि उरलेली सिलिंडर व हेड यांच्या लोखंडात शिरते. ही शेवटची वाटणी पाणी उचलते आणि रेडिएटरमध्ये आणून वाऱ्याला देते. वॉटर पंप पाणी फिरवतो. थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह हा पाटावरच्या दारासारखा आहे. इंजिन थंड असताना तो बंद राहतो आणि पाणी सुमारे ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की उघडून रेडिएटरकडे वाट देतो. फॅन वारा खेचतो. शेवटी रेडिएटरचे झाकण, ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, ते पाणी दाबाखाली धरून ठेवते.

जुन्या पिढीतील सभासदांना हे समजावून सांगायला नको. विहिरीवर डिझेल इंजिन चालविलेल्यांना आठवत असेल, पंपाच्याच पाण्याची एक बारीक नळी इंजिनला जोडलेली असे. विहिरीचे थंड पाणी इंजिनातून जाऊन पाटाला मिळे. तेथे पाणी फुकट आणि सतत नवे. गाडीला ही चैन नाही. तिला चार-सहा लिटरांवरच भागवायचे असते, म्हणून त्यातले अर्धे गेले तरी घात होतो.

झाकण म्हणजे नुसते बूच नव्हे

आपल्या कारखान्यात पॅनवर साखर उकळताना निर्वात करतात. हवेचा दाब कमी केला की रस साठ-सत्तर अंशांवरच उकळतो आणि साखर जळत नाही. रेडिएटरमध्ये नेमके याच्या उलट केले जाते. झाकणातली स्प्रिंग आतला दाब वाढू देते आणि त्यामुळे पाणी १०० अंशांना न उकळता बरेच वर उकळते. अनेक गाड्यांच्या झाकणावर ०.९ हा आकडा छापलेला असतो. असा दाब टिकला तर साधे पाणीही ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग गेली किंवा रबर चिरले की हा सगळा फायदा गेला.

आपल्या भागात हे आणखी महत्त्वाचे आहे, कारण येथे घाट आहेत. जितके उंच जावे तितके पाणी लवकर उकळते. महाबळेश्वरची उंची सुमारे साडेचार हजार फूट आहे. तेथे उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. गाडीचे इंजिन नीट असतानाही ९० अंशांपर्यंत चाललेले असते. म्हणजे झाकण निकामी झालेली गाडी पसरणीचा किंवा केळघरचा घाट चढू लागली, की तिच्या आणि उकळीच्या मध्ये जेमतेम पाच-सहा अंशांचे अंतर राहते. सांगलीच्या सपाटीवर गुण्यागोविंदाने चालणारी गाडी पाचगणीला वाफ का सोडते, याचे उत्तर पुष्कळ वेळा या दोन-तीनशे रुपयांच्या झाकणात असते. झाकण बदलताना मात्र त्याच आकड्याचे घ्यावे. जास्त दाबाचे बसवले तर जुने होज आणि रेडिएटरचे सांधे फुटतात.

गळती शोधण्याची रीत

गळती दोन प्रकारची. एक बाहेरची, जी डोळ्यांना दिसते. दुसरी आतली, जी दिसत नाही. आधी बाहेरची शोधावी.

रात्री गाडी सपाट जागी लावून इंजिनखाली जुने वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा पसरावा. सकाळी ओल कोठे पडली ते पाहावे. अगदी पुढे असेल तर रेडिएटर किंवा खालचा होज. पट्ट्याच्या बाजूला, पंपाच्या खाली असेल तर वॉटर पंप. मागे, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाजवळ असेल तर इंजिनच्या ब्लॉकला असलेले पत्र्याचे गोल प्लग गंजलेले असू शकतात. गाडीला ए.सी. असेल, तर तो चालवून आल्यावर डाव्या अंगाला स्वच्छ पाणी टिपकते. ते हवेतले पाणी आहे, त्याला घाबरू नये. बोटाला चिकट लागते का, रंग आहे का, एवढे पाहिले तरी फरक कळतो. चव मात्र कधीही घेऊ नये. कारण पुढे सांगतो.

पुठ्ठा कोरडा निघाला म्हणून गळती नाही असे समजू नये. काही गळत्या इंजिन गरम आणि पाणी दाबाखाली असतानाच होतात. थेंब गरम लोखंडावर पडून वाळून जातो आणि मागे फक्त डाग ठेवतो. क्षारपड रानात उन्हाळ्यात वर पांढरी साय येते, तसा होजच्या तोंडाशी, रेडिएटरच्या सांध्यावर किंवा पंपाच्या अंगावर पांढरा, हिरवट किंवा तांबूस थर दिसला, तर तेथून पाणी जाते हे नक्की. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजले की पाणी तेथून बाहेर येऊन आपल्याला इशारा देते. ते भोक बुजवायचे नसते. तेथे ओल दिसली की पंप बदलायचा किंवा त्याचे सील-बेअरिंग करून घ्यायचे.

होज थंड असताना हाताने दाबून पाहावेत. निरोगी होज घट्ट पण लवचिक लागतो. कडक होऊन करकरला, फुगून मऊ झाला किंवा क्लिपेजवळ चिरा दिसल्या, तर तो गेला. खालच्या होजकडे जास्त लक्ष द्यावे. पंप तिकडून पाणी ओढतो, म्हणून जुना मऊ होज वेग वाढला की आत चिमटतो. गाडी उभी असताना तो पुन्हा गोल होतो, आणि गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही.

गाडीत बसल्यावर गोडसर वास येत असेल, पुढच्या काचेला आतून तेलकट धुके धरत असेल, पायाखालचे मॅट ओले असेल, तर आतल्या हीटरची छोटी जाळी गळते आहे.

एवढे करूनही सापडले नाही, तर चांगल्या गॅरेजमध्ये दाब चाचणी करून घ्यावी. रेडिएटरच्या तोंडाला एक हातपंप लावून झाकणावर छापलेल्या आकड्याइतकी हवा भरतात आणि काटा पाहत थांबतात. काटा खाली आला तर पाणी कोठून बाहेर येते ते इंजिन थंड असतानाच दिसते. त्याच पंपावर झाकणाचीही परीक्षा होते. हे काम पंधरा मिनिटांचे आहे. ते न करता रेडिएटर उतरवायला निघालेल्या मिस्त्र्याला आधी ही चाचणी करायला सांगावी.

बाहेर ओल नाही, पाणी तर जाते

मग पाणी आत मुरते आहे. हेड आणि ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट जळाले किंवा हेडला चीर पडली, तर पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये जाते. याची लक्षणे अशी. सकाळी इंजिन थंड असताना झाकण काढून गाडी चालू केली, तर रेडिएटरमध्ये एकसारखे बुडबुडे येतात. सुरू करून दोन मिनिटेही झाली नाहीत तोच वरचा होज दगडासारखा कडक होतो. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि इंजिन गरम झाल्यावरही तो थांबत नाही. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते.

यातही घाई नको. थंडीच्या सकाळी सगळ्याच गाड्या थोडी पांढरी वाफ सोडतात. गाडी रोज फक्त गावातल्या गावात फिरत असेल, तर ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पांढुरका साका धरतो. तो हवेतल्या दमटपणाचा असतो. दोन-तीन लक्षणे एकत्र दिसली तरच गॅस्केटवर बोट ठेवावे. आणि एकदा ते ठरले की गाडी उभी करावी. पाणी घालून आणखी महिनाभर रेटली, तर ऑइलमध्ये मिसळलेले पाणी बेअरिंगे खाते आणि गॅस्केटच्या खर्चात आटोपणारे काम पूर्ण इंजिनावर जाते. हेड उतरवले असेल तर ते सपाट आहे का हे लेथवाल्याकडून तपासून घ्यावे. तापून वाकलेल्या हेडखाली नवे गॅस्केट बसवले, तर ते फार दिवस टिकणार नाही.

गाडी केव्हा तापते?

गळती नसतानाही गाडी तापते. अशा वेळी ती केव्हा तापते हे सांगितले, तर निम्मे निदान तेथेच होते. डॉक्टर विचारतात ना, ताप सकाळी येतो की संध्याकाळी, तसेच.

उभ्या गाडीत किंवा गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तर दोष वाऱ्याचा आहे. विजेचा फॅन फिरत नसेल, त्याचा स्विच गेला असेल किंवा पट्टा सैल असेल. पुण्याहून साताऱ्याकडे येताना सुट्ट्यांच्या दिवसांत खंबाटकी घाटात लागणाऱ्या रांगा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची ओळच लागते. चढ असल्याने इंजिनवर ताण आणि रांग असल्याने वारा नाही, असा दुहेरी मार तेथे बसतो.

याउलट गावात बरी चालते, पण महामार्गावर वेग धरला किंवा माणसे भरून घाट चढली की तापते, तर पाणी पुरेसे फिरत नाही असे समजावे. रेडिएटरच्या नळ्या आतून साक्याने बुजल्या असतील, थर्मोस्टॅट अर्धाच उघडत असेल, पंपाची पाती झिजली असतील किंवा खालचा होज चिमटत असेल. ब्रेक धरून राहिले किंवा क्लच घसरत असला, तरी इंजिनला जादा ओढावे लागते आणि ते तापते. तेव्हा प्रत्येक वेळी रेडिएटरलाच दोष देऊ नये.

थर्मोस्टॅटविषयी एक वेगळे सांगणे आहे. "आपला मुलूख गरम, आपल्याला ह्याची गरज न्हाई," असे म्हणून तो काढून फेकण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. त्याने काही दिवस काटा खाली दिसतो. पण इंजिन कायम अर्धवट गार चालते, इंधन जास्त लागते आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर त्यामुळे पाणी रेडिएटरला वळसा घालून आतल्या आत फिरते आणि चढावर गाडी जास्तच तापते. शंका असेल तर तो काढून पातेल्यातल्या पाण्यात टाकावा आणि पाणी तापवावे. उकळी येण्यापूर्वी तो उघडताना डोळ्यांनी दिसतो. नाही उघडला तर नवा बसवावा.

तापमानाच्या काट्यावरही आंधळा विश्वास नको. पाणी फार कमी झाले, की काट्याची सुई ज्या सेन्सरवर चालते तो कोरडा पडतो आणि इंजिन जळत असताना काटा मध्येच किंवा त्याहून खाली दिसतो. काटा एकदम खाली आला आणि इंजिनची ताकद गेली, तर आनंद न मानता गाडी बाजूला घ्यावी.

पाणी कोणते घालावे?

येथे आमच्या खात्याचा आणि या विषयाचा थेट संबंध येतो. वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यांत पाण्याच्या अतिवापराने हजारो एकर जमीन क्षारपड झाली, हे सभासदांना सांगायला नको. ज्या विहिरीच्या पाण्याने रानावर मीठ फुटते, तेच पाणी आपण बादलीने रेडिएटरमध्ये ओततो. पाणी तापते, क्षार नळीच्या अंगाला धरतात. बंबाच्या आत जसा पापुद्रा बसतो, तसाच तो नळ्यांत बसतो. गाडी रोज पाणी खाते म्हणून आपण रोज नवे क्षार आत पाठवतो, नळ्या बुजतात, गाडी आणखी तापते आणि आणखी पाणी मागते. हे दुष्टचक्र आहे.

कारखान्याच्या बॉयलरला आपण कृष्णेचे पाणी जसेच्या तसे कधी घालतो का? ते मऊ करून, तपासून मगच जाते, कारण नळ्यांत क्षार बसले तर बॉयलर फुटण्याची भीती असते. जो न्याय बॉयलरला, तोच आपल्या गाडीला. बॅटरीत घालतात तसले क्षारविरहित पाणी दुकानात मिळते. ते आणि कूलंट डब्यावर दिलेल्या प्रमाणात मिसळून भरावे. येथे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असे विचारतात. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात आणि त्याने पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. आपल्याला त्याची गरज या दोन कारणांसाठी आहे. ती द्रव्ये काळाने संपतात, म्हणून साधे हिरवे कूलंट दोन वर्षांनी बदलावे. वेगवेगळ्या जातींची कूलंटे एकत्र मिसळू नयेत. अडचणीच्या वेळी काहीच नसेल, तर उकळून गार केलेले, वरचे निवळ पाणी किंवा स्वच्छ भांड्यात धरलेले पावसाचे पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा बरे.

कूलंटचा मुख्य घटक इथिलीन ग्लायकॉल. उत्तराखंडातील काशीपूर येथे इंडिया ग्लायकॉल्स ही कंपनी उसाच्या मळीच्या अल्कोहोलपासून ग्लायकॉल तयार करत आली आहे. म्हणजे उसाचा आणि रेडिएटरचा असाही धागा आहे. पण ध्यानात ठेवावे, की हा पदार्थ गोड लागतो आणि तो विष आहे. थोड्या प्रमाणातही तो मूत्रपिंडे निकामी करतो. काढलेले कूलंट घमेल्यात उघडे ठेवू नये, गोठ्याजवळ किंवा पाटात ओतू नये. राखणीचे कुत्रे, वासरू किंवा लहान मूल गोडीने तोंड लावते. कोणी प्यायले असे कळले, तर त्रास दिसण्याची वाट न पाहता डबा बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. जनावराला पशुवैद्याकडे न्यावे.

हळद, साबण आणि इतर घरगुती औषधे

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती जखमेवर चालते आणि रेडिएटरवरही चालते, असा ड्रायव्हर मंडळींचा जुना अनुभव आहे. मूठभर हळद रेडिएटरमध्ये टाकली, की ती फुगून बारीक छिद्राशी जाऊन बसते आणि गळती थांबते. हे खोटे नाही. रात्री-अपरात्री आडरानात अडकलेल्या माणसाला त्याने घर गाठता येते. पण हळदीला छिद्र कोणते आणि नळी कोणती हे कळत नाही. ती दोन्हीकडे बसते. बाजारात मिळणाऱ्या गळती बुजविण्याच्या औषधांचेही असेच आहे. म्हणून हा उपाय घरी पोहोचण्यापुरताच समजावा. दुसऱ्या दिवशी रेडिएटर धुऊन घ्यावा आणि जुना पितळी असेल तर डाग देऊन घ्यावा. प्लॅस्टिकच्या टाकीचा असेल तर त्याला डाग बसत नाही, टाकी किंवा रेडिएटर बदलावा लागतो.

रस्त्यात गाडी तापली तर

हा भाग घरातल्या सर्वांना, विशेषतः नव्याने गाडी शिकलेल्या मुला-मुलींना वाचून दाखवावा.

काटा वर सरकू लागला की ए.सी. बंद करावा, हीटर पूर्ण गरमवर लावून काचा उघडाव्यात. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे, तो थोडी उष्णता ओढून घेतो. तरी काटा उतरला नाही किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे.

यानंतर झाकणाला हात लावू नये. निदान अर्धा तास तरी नाही. आत ११०-११५ अंशांचे पाणी दाबाखाली असते. झाकण सैल होताच दाब सुटतो आणि ते सगळे पाणी एका क्षणात उकळून कारंज्यासारखे तोंडावर येते. चेहरा, मान, डोळे आणि हात भाजून आयुष्यभराचे व्यंग आलेली माणसे आपल्या तालुक्यांत आहेत. घाई कशाची असते? बहुतेक वेळा कोठेतरी वेळेवर पोहोचण्याची. वरचा होज हाताने धरवेल इतका गार झाल्यावरच झाकणावर जाड फडके टाकावे, तोंड बाजूला ठेवावे, पहिल्या खाचेपर्यंत फिरवून वाफ जाऊ द्यावी आणि मग काढावे. तरीही कोणी भाजलेच, तर वाहते साधे पाणी वीस मिनिटे सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, तूप यांपैकी काहीही लावू नये. नंतर दवाखाना.

तापलेल्या, रिकाम्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये. लाल तव्यावर पाणी पडले की काय होते ते आपण पाहतो. येथे हेडला चीर पडते. इंजिन निवल्यावर, ते चालू ठेवून, धार बारीक ठेवून भरावे. पाणी भरल्यावर आत हवा अडकते, म्हणून हीटर चालू ठेवून दहा मिनिटे इंजिन चालवावे, बुडबुडे येऊ द्यावेत आणि दुसऱ्या दिवशी थंड असताना पातळी पुन्हा पाहावी.

ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरसाठी

वरचे सगळे ट्रॅक्टरलाही लागू आहे. त्यात एक भर. उसाच्या फडात ट्रॅक्टर फिरतो, तेव्हा पाचटाचा चुरा आणि धूळ रेडिएटरच्या जाळीत घट्ट बसते. आतून पाणी भरपूर असूनही वारा आरपार जात नाही. रोज संध्याकाळी जाळी इंजिनच्या बाजूकडून बाहेर अशी हवेने किंवा हलक्या पाण्याने झाडावी. जोरदार फवाऱ्याने पाती वाकतात. दोन ट्रेलर जोडून चढावर तापून बंद पडलेला ट्रॅक्टर मागची सगळी रांग अडवतो. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की वजनही घटते आणि उताराही. म्हणजे एका सैल पट्ट्याचा भुर्दंड ज्याचा ट्रॅक्टर त्यालाच पडतो असे नाही, मागे फडात उभ्या असलेल्या सभासदालाही पडतो.

हिशेब टनांत करा

आपल्या भागातली एक गोष्ट सांगतो. नाव-गाव देत नाही. एका सभासदांची जुनी गाडी चार महिने रोज पाणी खात होती. वॉटर पंपाच्या भोकातून थेंब थेंब जात होते. "सुगी झाली की बघू," म्हणून ते रोज सकाळी तांब्या ओतत राहिले. एका रात्री घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या छातीत कळ आली आणि गाडी मिरजेकडे काढली. त्या गडबडीत तांब्या राहिला. निम्म्या वाटेत इंजिन धरले. मागून येणाऱ्या ऊसवाहतुकीच्या गाडीवाल्याने त्यांना उचलून दवाखान्यात पोहोचवले, म्हणून माणूस वाचला. इंजिन वाचले नाही.

गाडीगणिक फरक पडेल, पण ढोबळ हिशेब असा. छोट्या गाडीचा वॉटर पंप बदलायला साधारण एका टन उसाचे बिल पुरते. इंजिन उघडायची वेळ आली, तर दहा-पंधरा टनांचे बिल त्यात जाते. आणि त्या रात्रीच्या वेळेची किंमत कोणत्याही वजनकाट्यावर होत नाही.

तरी सभासदांना आमची विनंती आहे. आठवड्यातून एक दिवस ठरवा. सकाळी, गाडी थंड असताना, बाटलीतली पातळी पाहा आणि तेथे खडूने रेघ मारा. पुढच्या आठवड्यात पाणी रेघेखाली गेले असेल, तर तांब्या उचलण्याआधी पुठ्ठा पसरा. पट्टा, होज आणि झाकण यांच्यावर एकदा हात फिरवा. हे तिन्ही स्वस्त आहेत आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात. घाटात किंवा रात्री लांबच्या प्रवासाला निघताना पाच लिटर निवळ पाणी, एक जाडे फडके आणि विजेरी गाडीत असू द्या.

पाणी कोठे मुरते हे शोधणे शेतकऱ्याला नवे नाही. पाटाला भगदाड पडले, तर आपण वरून जादा पाणी सोडत बसत नाही, खोरे घेऊन आधी भगदाड बुजवतो. गाडीच्या बाबतीतही तेवढेच करायचे आहे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते